लाल गोल

माझा धाकटा भाऊ श्रावण मुलचेऱ्याकडच्या एका दवाखान्यात रक्त तपासतो. बारा वर्षांत एकाच माणसाला दोनदा सुई टोचायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली. बोलणं कमी. वाईट आकड्याभोवती लाल पेनाने गोल करायचा, डॉक्टरांच्या नजरेत चटकन यावा म्हणून. त्या सवयीनेच घात केला.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत सुनिल त्याच्या बहिणीला, नंदिनीला घेऊन आला. पाच दिवसांचा ताप, खोकला. बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन शहाण्णव. पोरगी हसत होती. पण रक्तातला सीआरपी दीडशे निघाला. तो पाचाच्या आत असावा लागतो. आतली सूज तो आधी सांगतो. श्रावणने लाल गोल करून कागद सुनिलला दिला. "डॉक्टरले दाखव आन् आत्ताच गडचिरोलीले ने हिले."

आमच्याकडे रक्त तपासलं की लोकांना सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजारच आठवतो. त्याचं लाल कार्ड मिळालं की पोरीची सोयरीक मोडते. नंदिनीचं लग्न वैशाखात होतं.

"खोकल्यासाठी आणली न् तू लाल लावून राह्यला? काऊन बे?"

सुनिलने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला फटका तोंडावर. दोन दात फरशीवर पडले. दुसरा मनगटावर. श्रावणची किंकाळी मी भिंतीपलीकडे, क्वार्टरात ऐकली. बुद्धवंदना अर्धी टाकून, मुसळ उचलून धावले. श्रावण टेबलाखाली, सुनिल लाथा घालतोय, आणि श्रावण रक्त थुंकत म्हणतोय, "सिकलसेल नाई रे! फुप्फुसाची सूज आहे. पोरगी मरंल!"

हिंसा न करण्याचं पहिलं शील अजून ओठांवर होतं, तरी मी सुनिलच्या खांद्यात मुसळ घातलंच. तो कोलमडला, उठला, माझा गळा धरला.

नंदिनी त्याला मागे ओढत होती. ओढता ओढताच खाली बसली. ओठ निळे. यंत्रावर चौऱ्याऐंशी.

गळ्यावरचे हात सुटले. "बाई, आता काय करू?"

"उचल तिले!"

अँब्युलन्स दारातच उभी होती. श्रावणने चांगल्या हाताने तो कागद सुनिलच्या खिशात कोंबला.

नंदिनी अठरा दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली. श्रावणची दोन बोटं अजून मिटत नाहीत. रक्त काढताना पेशंटच्या दंडाचा पट्टा तो उरलेल्या दातांनी आवळतो. गोल आता निळा करतो.

परवा सुनिल बहिणीला घेऊन आला. मी चहा विचारला नाही. तो श्रावणसमोर बसला, बाही वर केली.

"भाऊ, आता सिकलसेलचंच पाहा. पहिले माझं, मग तिचं."

पट्टा सुनिलनेच ओढून धरला.