राबाचा पाला

‘जंगलात वाया जाणारी सागाची पानं’ हे शब्द माझे आहेत. मुंबईतली एक बाई चामड्याऐवजी पानांपासून पाकिटं, पर्स बनवते. तिला पानं पुरवणारं कुणी हवं होतं आणि जव्हारला कारकुनी करून थकलेल्या मला गावासाठी काही केल्याचं समाधान हवं होतं. तिनं विचारलं, या पानांचं एरवी काय होतं? मी म्हणालो, काही नाही, वाया जातात. तेच वाक्य पुढे प्रत्येक पाकिटातल्या चिठ्ठीवर छापून आलं.

मी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर वाढलो. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी पेरायच्या तुकड्यावर आम्ही शेण, फांद्या, पाला, गवत यांचे थर रचतो, वर माती पसरतो आणि उन्हाळ्यात भाजतो. त्याला राब म्हणतात. राब नीट भाजला तर तण मरतं, रोप जोमानं येतं. तेच रोप उपटून मग उतारावर लावायचं. लहानपणी पाल्याचे भारे मी डोक्यावरून वाहिले आहेत. नोकरीत ते विसरलो, असं म्हणणं सोपं आहे. खरं तर त्या बाईशी बोलताना मला राब आठवला होता. पण तिला जे ऐकायचं होतं, ते मी बोललो.

पानं गोळा करायचं काम माझ्या चुलतवहिनीला दिलं. भाऊ ठाण्याकडे बांधकामावर असतो. मोठी, न फाटलेली पानं निवडायची, भिजवायची आणि एकेक सपाट करून दगडाखाली वाळवायची. पहिलं तयार पाकीट मी तिला दाखवलं. तिनं ते उलटंपालटं केलं.

“बकरीनं खाल्लं मंग?”

“नाही खाणार. वरून पातळ प्लास्टिक आहे.”

“मंग पानाचं कसं म्हणायचं, भावजी?”

बरंचसं पानाचंच आहे, असं काहीतरी मी पुटपुटलो.

त्या उन्हाळ्यात चांगली पानं माझ्या गोण्यांत गेली आणि वहिनीच्या राबाला चुरा उरला. भाजणीच्या दिवशी मी तिथेच होतो. जाळ लागला आणि थोड्या वेळात बसला. खालची माती न भाजता तशीच राहिली. वहिनी काठीनं राख सारखी करत राहिली. गोण्या मुंबईला पोचल्या होत्या.

पावसात राबावर रोपापेक्षा तण जास्त आलं. रोप पिवळं, बोटाएवढं. लावणी झाली तेव्हा उताराची वरची अर्धी पट्टी मोकळी राहिली. त्या पट्टीची नागली म्हणजे वहिनीच्या घरची होळीनंतरची भाकरी. मी शेजारच्या पाड्यावर रोप मागायला गेलो. तिथले म्हातारे काका बांधावर बसले होते.

“तुझ्या पाकिटात नाय उगवत का?” ते म्हणाले आणि उरलेल्या दोन जुड्या दिल्या. त्या राबात जास्त दिवस राहून जून झाल्या होत्या. लावल्या, पण धरल्या नाहीत.

चिठ्ठीवरचे शब्द बदला, म्हणून मुंबईला फोन केला. “पण सर, तुम्हीच तसं सांगितलं होतं,” बाई म्हणाली. तिचं काय चुकलं?

शेवटी वहिनीला म्हणालो, “राबाला पाला कमी पडणार, हे मला माहीत होतं.”

“मलाबी माहीत होतं. म्हटलं, तुमी शिकलेले. राबाला दुसरं कायतरी बघितलं असंल तुमी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मोकळ्या पट्टीत तिनं खुरासणी फेकायला घेतली. खुरासणीचं तेल निघतं, भाकरी होत नाही. मी सूप मागून घेतलं आणि बी फेकू लागलो. चारपाच मुठी झाल्या असतील.

“एकाच जागी पडतंय,” ती म्हणाली आणि सूप माझ्या हातातून काढून घेतलं.