शकुकाकूंची कोळंबी

बोरीवलीला परबांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांचा पलंग हॉलमध्ये माशांच्या टाकीला खेटून लावलेला होता. चंद्रप्रकाश परब, वय त्रेसष्ट. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्तीचं काम केलेला माणूस. फेब्रुवारीत झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण बंद झालं. मी फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं होतं.

"पलंग खिडकीपाशी घ्या ना काकू, उजेड येईल," मी म्हटलं.

"नको गं सपना. ते इथेच बघत असतात," शकुकाकू म्हणाल्या.

टाकी चार फुटी, खाऱ्या पाण्याची. आत एकच मासा, लायनफिश. तांबडे-पांढरे पट्टे, पिसांसारखे पसरलेले पंख, पाठीच्या काट्यांत विष. काकांनी तो चिमट्याने भरवून वाढवला होता. निवृत्त झाल्यावर त्यांना आणखी एक नाद लागला: या टाकीत कोळंबी जगवायची. खायची कोळंबी नव्हे. लाल अंगाची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक जात असते. ती मोठ्या माशांच्या अंगावर चढून त्यांची कातडी, कल्ले साफ करते आणि पुष्कळ मासे तिला खात नाहीत. पुष्कळ म्हणजे सगळे नव्हेत. काकांच्या दोन कोळंब्या लायनफिशने आठवड्याभरात गिळल्या. तिसरी आणायच्या आतच झटका आला.

काकूंना त्या टाकीचा मनस्वी राग. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. "सुंगटां खावची असतत, पाळूची नाय," असं त्या कोळंब्यांवरून नवऱ्याला सुनावायच्या. आता मुलगी अक्षता मुलुंडहून फोन करायची, "आई, देऊन टाक ती टाकी. बाबांचं करशील की माशांचं?" काकूंनी दिली नाही. पाण्यात मीठ किती, ते मोजायचं कसं, उकाड्यात पाणी गार कसं ठेवायचं, सगळं त्या दुकानदार प्रितमकडून शिकल्या. एप्रिलमध्ये म्हणाल्या, "त्यांचं राहिलंय ना, ते मी करते."

आणि त्यांनी ते नीट केलं. टाकीच्या मधोमध भोकं पाडलेला ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा उभा केला. एका बाजूला लायनफिश, दुसऱ्या बाजूला कोळंबी. महिनाभर दोघांना नुसतं एकमेकांना बघू दिलं. कोळंबीला लपायला दगडांच्या कपारी रचल्या. मग एका दुपारी लायनफिशला पोटभर खायला घालून पत्रा काढला.

तेव्हा मी तिथेच होते. काकांचा उजवा तळहात काचेवर टेकवून मी त्यांची बोटं एकेक करून ताणत होते. कोळंबी कपारीतून बाहेर आली, लांब पांढऱ्या मिशा हलवत थांबली, मग सरळ लायनफिशच्या पंखावर चढली. मासा ढिम्म हलला नाही. ती पंख टोकत टोकत पुढे सरकली.

"बगा, बगा! तेचे पंख साफ करता ती!" काकू ओरडल्या.

माझ्या हाताखाली काकांची दोन बोटं हलली. मी हात काढून घेतला. ती पुन्हा हलली, आपली आपण.

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. खरं तर मी सांगायला हवं होतं की अशी हालचाल येते आणि जातेही. मी म्हटलं, "छान आहे काकू. हे फार छान आहे."

पुढचे तीन आठवडे त्या घरात सण असल्यासारखं होतं. काकू मला आल्या आल्या कोळंबीची खबर द्यायच्या, मग काकांची. मग एका सकाळी दार उघडलं तर डोळे सुजलेले. वाळूवर कोळंबी पडली होती, पांढरट, पोकळ. मी नीट बघितलं तर ती नुसती कात होती. खरी कोळंबी कपारीत दबून बसली होती. काकू रडता रडता हसल्या. पण कात टाकल्यावर दोन दिवस कोळंबीचं अंग मऊ असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. संध्याकाळी ती चहाच्या वेळेला बाहेर आली. लायनफिशने पंख पसरून तिला कोपऱ्यात घेतलं आणि तोंड उघडून आत ओढलं. काका बघत होते. काकूंना त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

"काढू का गं तो मासा?" काकूंनी मला पुढच्या खेपेला विचारलं. "कोळंबीवर बोटं हलली ना त्यांची. कोळंबीच ठेवते."

"काढा," मी म्हणाले. मी तरी दुसरं काय म्हणणार होते?

प्रितम मोठं जाळं घेऊन आला. काका बघतायत म्हणून तो जरा घुटमळला. "काकी, ते झोपल्यावर येऊ का?"

"ने रे तू."

त्या जागी दोन कोळंब्या आल्या. त्यांना आता भीती कुणाचीच नव्हती. दिवसाढवळ्या काचेवर फिरायच्या. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आधी आम्हाला वाटलं मान आखडली. मी तपासली, मान चांगली वळत होती. काकूंनी त्यांना उलट्या बाजूला डोकं करून निजवलं, तर ते पुन्हा भिंतीकडेच वळले. चौथ्या दिवशी काकूंनी प्रितमला फोन लावला. "तो आमचा मासा परत दे बाबा."

तो म्हणाला, "काकी, त्याने इथे खाल्लंच नाही. परवा गेला."

त्यांनी तसाच दुसरा आणवला. काकांनी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. दोन्ही कोळंब्या त्या नव्या माशाने आठ दिवसांत संपवल्या, आणि यावेळी काकूंनी पत्राही लावला नव्हता. बोटं परत हलली नाहीत. जुलैत डॉक्टर म्हणाले, आता व्यायामाने फरक पडायचा नाही, पडून पडून जखमा होऊ नयेत तेवढं बघा. माझं जाणं थांबलं.

दिवाळीत फराळ घेऊन गेले. टाकी गेली होती, तिथे औषधांचं कपाट आलं होतं. पलंग भिंतीपासून दीड हात ओढलेला, आणि त्या फटीत एक प्लास्टिकची खुर्ची. काकू तिच्यात अवघडून बसून शेंगा सोलत होत्या.

"इथे का बसलात काकू?"

"ते इकडेच तोंड करून असतात. म्हणून मीच या बाजूला आले."

"बघतात तुमच्याकडे?"

त्यांनी काकांच्या ओठांच्या कडेची लाळ पदराने टिपली.

"डोळे उघडे असतात," त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग हातात घेतली.