वरचं नाव

आमच्या कुंभारवाड्यात फिलाग्रोसइतकं पातळ भांडं कुणाला जमत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. मी त्याच्या भट्टीला लाकूड पुरवायचो, त्यामुळे मला ते रोज ऐकावं लागे. त्याचा धाकटा भाऊ मिकिओन भांड्यांवर चित्रं काढी. एकाने घडवायचं, दुसऱ्याने रंगवायचं आणि कडेला दोघांची नावं. अथेन्समध्ये त्यांच्या सुरया हातोहात खपत.

एकदा मिकिओनने, चुकून म्हणा की मुद्दाम, आपलं नाव वर लिहिलं आणि दादाचं खाली. फिलाग्रोसने ती सुरई भर गल्लीत फोडली.

"माझ्या मातीशिवाय काय हवेवर चित्रं काढणार होतास?"

"आणि दादा, तुझी नागडी मडकी कोण घेणार होतं?"

झालं! घरं समोरासमोर, पण येणं-जाणं बंद.

नाटकाचं मात्र फिलाग्रोसला भारी वेड. वसंतात दिओनिसोस देवाच्या उत्सवाला तो पहाटेच जागा धरायचा. शेजारी मी, मध्ये चीज आणि ऑलिव्हची पुरचुंडी. त्या वर्षीच्या नाटकातला राजा म्हाताऱ्या ज्योतिष्याला हाकलून देतो आणि त्या ताठ्यापायी पोटचा मुलगा गमावतो. फिलाग्रोस ढसाढसा रडत ओरडला, "अरे गाढवा, ऐक की त्याचं! वाकलास तर काय कंबर मोडेल?" लोक वळून बघायला लागले.

बाहेर पडतो तर वाटेत मिकिओनची बायको आर्खिप्पे उभी.

"भावोजी, खोकल्यातून रक्त पडतंय त्यांच्या. सारखं दादा, दादा चाललंय. उंबऱ्यातून नुसतं डोकावून जा."

फिलाग्रोसचे डोळे अजून ओलेच होते. म्हणाला, "थोरला मी आहे. आधी त्याने यावं."

"अहो, त्यांना उठवत नाही!"

"मग माफीचा निरोप धाड म्हणावं."

ती पदर तोंडाला लावून निघून गेली. मी म्हणालो, "मघाशी राजाला गाढव कोण म्हणत होतं रे?"

"राजाची गोष्ट वेगळी. तो चुकला होता."

हसावं की याच्या कानाखाली वाजवावी, मला कळेना. वाजवायला हवी होती.

उत्सव संपायच्या आत मिकिओन गेला. फिलाग्रोस तेव्हा उंबरा ओलांडून आत गेला आणि प्रेताच्या उशाशी बसला. घरी येऊन त्याने चाक फिरवायला घेतलं.

नवव्या दिवशी आमच्यात कबरीवर तेलाची पांढरी कुपी ठेवतात, आणि तिच्यावर चित्र हवंच. गल्लीतला दुसरा चितारी म्हणाला, "दे, मी काढतो." फिलाग्रोसने त्याला हात लावू दिला नाही.

कबरीवर ठेवताना मी ती कुपी पाहिली. असं पातळ काम त्याच्याही हातून पूर्वी झालं नव्हतं. चित्र नव्हतंच. कोऱ्या पांढऱ्या अंगावर अगदी वर, वेड्यावाकड्या अक्षरांत एवढंच होतं: मिकिओनने रंगवली.

खाली जागा भरपूर होती. स्वतःचं नाव त्याने घातलं नव्हतं.