भरलेल्या ताटाचा फोटो

ये गो बाय, अशी जवळ बस. तिकडून डोंबिवलीहून फोन करतेस, एका हाताने पोळी भाजत विचारतेस, "वहिनी, कॅमेरा कसा वाटला?" आणि मी "अगो, त्याचं असं झालं" म्हणते न म्हणते तोच तुझी पोळी करपायला लागते नि फोन बंद होतो. मोठ्या माणसाला असं विचारतात का? एका शब्दात उत्तर हवं असतं तर "छान" म्हणून मी मोकळी झाले असते. पण माझं उत्तर लांब आहे, म्हणून लिहायला घेतलं. आता वाचताना तरी गॅस बंद कर.

तू माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा तू शाळेत जायचीस आणि तुझ्या वेण्या मीच घालायचे. त्यामुळे वन्सं म्हणायला जीभ कधी वळली नाही, बायच म्हणत आले. हे तुला सांगायला नको, पण तुझ्या खांद्यावरून आणखी कोणी वाचत असेल तर त्याला कळावं म्हणून लिहिते.

तर कॅमेरा. तुझ्या लेकीने पाठवला, "मामी, बागेचे फोटो काढा" म्हणून. खोक्यात खोकं, त्यात पिशवी, आणि पिशवीत हा, अंगाच्या साबणाच्या वडीएवढा. मला वाटलं, मुलांचं खेळणं चुकून माझ्या पत्त्यावर आलं. कॅमेरा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे बाजारातल्या स्टुडिओतला, तीन पायांवर उभा राहून आपल्याला मान सरळ करायला लावणारा. हा तर कनवटीला लावून बाजारात जावं एवढा. बटण दाबलं की पुढून नळी बाहेर येते, गोगलगाय अंग काढते तशी, आणि बंद केला की ती आत जाऊन वरून झापड मिटते. पहिल्या दिवशी मी फोटो एकही काढला नाही. नुसती उघडझाप करत बसले.

भाचीला विचारलं, अगो, फोनवर फोटो निघतात की, मग हा वेगळा कशाला? ती म्हणाली, हल्ली आम्हा मुलींना हाच आवडतो, फोनमध्ये सगळं जग असतं, यात फोटोच असतात. ते मला पटलं. माझ्या फोनमध्ये एखादा फोटो शोधायला जावं तर सुप्रभातची फुलं, कोणाच्या नातवाचा वाढदिवस, विजेचं बिल, आणि त्या ढिगाखाली कुठेतरी आपला फोटो. हा वाजत नाही, कोणाचा निरोप आणत नाही. एकच काम जाणतो नि ते करून गप्प बसतो. अशी माणसं पण मला आवडतात.

खोड्या आहेत. उन्हात मागचा पडदा दिसत नाही, अंगणात गेलं की पदराचा आडोसा धरावा लागतो. बटण आधी अर्धं दाबायचं, थांबायचं, मग पुरतं दाबायचं. थांबणं माझ्या हाताला जमत नाही. सुरुवातीच्या सगळ्या जास्वंदींना दोन-दोन देठ आले. रातांब्याचं झाड काढलं त्यात झाड थोडं आणि माझा अंगठा बराच. एक गंमत मात्र फार आवडली. पुढे माणसाचं तोंड आलं की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळी चौकट उभी राहते. मामंजींच्या भिंतीवरच्या फोटोपुढे धरला, तिथेही राहिली. देवघरातल्या गणपतीपुढे धरला, तिथे नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तुझे दादा हल्ली विसरतात, हे तुला माहीत आहे. पण किती, ते फोनवर कळत नाही. फोनवर चार वाक्यं ते अगदी ठाकठीक बोलतात, तुझ्या मुलीची चौकशीही करतात. इकडे काय होतं, की दुपारी जेवतात, हात धुतात, पडवीत जाऊन बसतात, आणि मी ओटा पुसेपर्यंत परत आत येतात. "अगो, आज जेवायला घालणार आहेस की नाही?" पहिल्या वेळी मी हसले. नंतर समजावलं, काय काय जेवलात ते एकेक सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका. डॉक्टरांना काय जातं सांगायला. ज्या माणसाने उभी हयात बोटीवर खलाशांना रांधून घातलं, त्याच्या घरात त्यालाच उपाशी ठेवल्याचा आळ माझ्यावर, आणि तो रोज.

घरातल्या घरात होतं तोवर ठीक. पण ते येईल-जाईल त्याला सांगू लागले. मिरकरवाड्याची मासेवाली आपल्याकडे कधीपासून येते, तू ओळखतेस तिला. ती पायरीवर पाटी उतरवून बसली होती, आणि मी आतून भांडं आणेपर्यंत ह्यांनी तिला गाठलं. मी बाहेर आले तर ती माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावते.

"काकी, काका काय बोलतायत? सकाळधरनं पोटात काय नाय म्हणं."

"तुला खरं वाटतं?"

"मला कशाला वाटतंय. पण मग रोज हे बांगडे घेता ते कोनासाठी, मांजरीसाठी?"

ती थट्टा करत होती, मीही हसले. ह्यांच्यासाठी तिने दोन बांगडे वर टाकले, आणि ते मला थट्टेपेक्षा जास्त लागलं.

मग तुझा फोन आला. ह्यांनी माझ्या हातातून घेतला आणि तुला म्हणाले, दोन दिवस झाले, हिने जेवायला दिलं नाही. मी शेजारीच उभी. तू काही वाईट बोलली नाहीस गो, मी तसं म्हणत नाही. फोन माझ्याकडे परत आला तेव्हा तू जरा थांबलीस, आणि विचारलंस, "वहिनी, दादा जेवतो ना नीट?" एवढंच. पण ते थांबणं बांगड्याच्या काट्यासारखं माझ्या घशात बसलं. इतक्या वर्षांनी मला तुझ्यापुढे हे सिद्ध करावं लागणार?

तेव्हा मला कॅमेरा आठवला.

दुसऱ्या दिवशी ताट वाढलं. उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण, एक तुकडी तळलेली, वाटीत सोलकढी. ह्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि वरून फोटो काढला. हे जेवले. थोड्या वेळाने प्रश्न आला तशी मी कॅमेरा घेऊन पडवीत गेले. हे बघा, आजचं ताट, म्हटलं. ह्यांनी चष्मा लावला, पडदा जवळ धरला, लांब धरला, आणि शांतपणे म्हणाले, "ताट तर भरलेलं आहे. जेवलं कुठे कोणी?"

बरोबरच होतं त्यांचं.

मग दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावरच्या ताटाचा काढला. तो बघून म्हणाले, कोणाचं हे उष्टं मला दाखवतेस? आणि वर, जो कोणी जेवला तो नीट जेवला हो, काट्याला काही ठेवलं नाही. आचाऱ्याची नजर, ती शाबूत आहे. मला राग यावा की हसू, ते कळेना.

तिसऱ्या वेळी मी ठरवून केलं. हे जेवत असताना टेबलापलीकडे उभी राहिले. (गुडघ्यांमुळे पाट सुटला ना आमचा, आता टेबलावर जेवतो.) घास तोंडाजवळ गेला, पिवळी चौकट बरोबर तोंडावर बसली, आणि या वेळी माझा हातही थांबला. फोटो इतका स्वच्छ आला की भाताची शितं मोजावीत. आता बोला, म्हटलं मनात.

पडवीत त्यांच्या शेजारी बसून दाखवला. ते बघत राहिले.

"हा कोण म्हातारा?"

मला वाटलं चेष्टा करतायत. करायचे पूर्वी. म्हटलं, ओळखा बघू.

"आपल्यातला नाही." मग जरा वाकून बघितलं. "भुकेला दिसतोय गो. आणखी भात वाढ त्याला."

मी कॅमेरा घेऊन आत आले. नळी आत गेली, झापड मिटली, आणि मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. या यंत्राला कळतं की इथे एक तोंड आहे. कोणाचं, ते त्याला कळत नाही. आणि आता ह्यांनाही नाही. पण त्या म्हाताऱ्याला आणखी वाढ, हे ह्यांना कळलं. ते कॅमेऱ्यात कुठे आहे?

ते तिन्ही फोटो मी तुला पाठवणार होते. फोनवर कसे घ्यायचे ते भाचीने शिकवलं होतं, घेतलेही होते, नुसतं बोट टेकायचं बाकी होतं. ते बघून तुझी खात्री पटली असती, वहिनी नीट सांभाळते म्हणाली असतीस. पण ह्यांना पटलं नव्हतं, आणि रोज समोर तर ह्यांनाच बघायचं. पाठवले नाहीत. मात्र पुसलेही नाहीत. अधूनमधून उघडून बघायची सवय लागली.

असंच बघताना एक दिसलं. मी ह्यांना जेवताना समोरून कधी बघितलंच नव्हतं. मी शेगडीपाशी, पाठमोरी. पहिल्या फोटोत ताटापलीकडे, टेबलाच्या कडेखाली त्यांचा हात दिसतो, तो मांडीवर मिटलेला. गरम भात पुढ्यात, आणि हात मांडीवर. तिसऱ्यात घास तोंडाशी आहे पण डोळे ताटाकडे नाहीत. दाराकडे आहेत. कोणी यायचं असलं म्हणजे बघतो तसे.

बाय, तुला आठवेल. बोटीवर आचारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. शेवटच्या खलाशाने ताट धुतलं की मग तो आपलं वाढून घेतो, बहुतेक उभ्यानेच. हे रजेवर यायचे तेव्हाही तसंच करायचे. त्या काळी घरात पुरुष आधी बसत, आणि हे म्हणायचे, आधी तुम्ही बायका उरका. सासूबाई किती चिडायच्या. माणसं काय म्हणतील, म्हणायच्या. तू तर मुद्दाम एकेक शीत चिवडत बसायचीस, आणि हे दारात उभे राहून म्हणायचे, आटप गो, माझ्या पोटात कावळे ओरडतायत. पण बसायचे नाहीत. तुझं होईपर्यंत नाही.

आणि आता मी पहिलं ताट ह्यांचं वाढते. आजारी माणूस, वेळेवर जेवायला हवं, गोळ्या असतात. ते माझ्यासाठी जेवतात बिचारे. पण इतरांच्या आधी जेवलेलं ते त्यांच्या लेखी जेवण नसावं. हे मला वाटतं, हं. डॉक्टर म्हणतील तसं काही नसतं. नसेलही.

त्या दुपारी त्यांनी विचारलं, जेवायला घालणार आहेस की नाही? मी या खेपेला काही दाखवलं नाही. म्हटलं, "अजून सगळे जेवले नाहीत."

ते थबकले. "कोण राहिलंय?"

घरात आम्ही दोघंच. तोंडाला आलं ते बोलून गेले. "बाय यायची आहे."

"हां. मग थांबू." आणि जाऊन पडवीत बसले, कुंपणाच्या बेड्याकडे, फाटकातून येणारं माणूस दिसेल असं तोंड करून. त्या दुपारी परत आले नाहीत. मासेवालीला म्हणे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, आमच्याकडे जेवायची घाई नाही, बहीण यायची आहे. ती मला विचारते, कधी येणार हाय? मी म्हटलं, येईल.

तेव्हापासून रोज हेच सांगते. रोज तुझ्या नावावर एक खोटं. त्यांचं पोट भरलेलं असतं, गोळ्या घेतलेल्या असतात, आणि ते तुझी वाट बघत निवांत बसतात. कधी म्हणतात, उशीर झाला तिला, शाळा सुटली नाही काय अजून? त्यांच्या मनातली बाय केवढी आहे ते बघ. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे मी सांगायचं सोडून दिलंय.

कॅमेरा कसा वाटला म्हणशील, तर चांगला आहे. भाचीला सांग, मामीला आवडला, बागेचे फोटोही काढेन. पण तुला हे जे सांगितलं ते त्याच्यातून पाठवता येण्यासारखं नव्हतं, आणि ते पडवीतलं थांबणं किती दिवस टिकेल हे मला माहीत नाही. आज बाय म्हटलं की कोणीतरी यायचं आहे एवढं तरी कळतं. उद्या तेही कळलं नाही तर मी काय सांगू?

म्हणून ये. सणाची वाट बघू नकोस, रजेचं गणित घालू नकोस. दुपारी, जेवायच्या वेळेला पोचशील अशी नीघ. त्यांनी ओळखलं नाही तर तिथे रडत बसू नकोस, हातपाय धुऊन सरळ टेबलाशी बस आणि पोटभर जेव. मी त्या दिवशी ह्यांचं ताट आधी वाढणार नाही. तुझं झाल्यावर वाढेन. याच आठवड्यात जमव गो.