कापलेला एक गुण

बंदुकीपेक्षा हा बारलाच जास्त लटकला, असं आमच्या तोफखान्याच्या बॅटरीतले लोक मला चिडवत. खोटं नाही. सिन्नरच्या तालमीत मल्लखांब करणारा मी बाराव्या वर्षी फौजेच्या क्रीडा तुकडीत गेलो. पुढे गनर झालो, नायक झालो, पण बहुतेक पोस्टिंग जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्येच. सात वर्षं देशाच्या संघात होतो. आता नाशिकला मुलांना शिकवतो. लोक पदकांबद्दल विचारतात. मला मात्र आठवते ती पहिली निवड चाचणी, जी मी हरलो.

रोज ०५३० ला फॉल-इन म्हणजे हजेरी, ११०० पासून अपॅरेटसवर, म्हणजे साधनांवर सराव. हॉरिझॉन्टल बारखाली स्पॉटर म्हणून हवालदार कुटे उभे राहत. सायखेड्याचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. स्पॉटरचं काम सांगायला सोपं. खेळाडू सुटला तर झेलायचं, नाहीतर हात लावायचा नाही. स्पर्धेत हात लावला की पूर्ण एक गुण जातो. आमच्यात निकाल दशांशावर लागतो, त्यामुळे एक गुण गेला की घरी जायचं.

बारवर आम्ही तळहाताला कातडी पट्ट्या बांधतो, त्यांना ग्रिप म्हणतात. नवी ग्रिप महिनाभर ताठ असते, बार हाताला कळत नाही. म्हणून जो तो जुनीलाच चिकटून बसतो. चाचणीला एक महिना असताना उस्तादांनी माझी ग्रिप उलटून पाहिली, चीर दाखवली आणि टाकून दे म्हणाले. मी 'जी, उस्ताद' म्हणालो. चाचणीच्या दिवशी १०४० ला किटमधून तीच काढली. चीर दिसू नये म्हणून वर मॅग्नेशियमची पूड फासली. माझ्या अकलेचा तो कळस होता.

बारवरचं निम्मं रूटीन झालं होतं आणि आयुष्यात इतका चांगला मी कधी खेळलो नव्हतो. पकड बदलण्यापूर्वी झोका जरा मंदावला, तेवढ्यात उस्ताद पुढे घुसले आणि त्यांनी माझ्या कमरेला मिठी मारली. दोघंही मॅटवर आदळलो. ते खाली, मी वर.

"हात का लावला?" मी ओरडलो.

 उस्तादांनी माझ्या हातातली ग्रिप सोडवली आणि खिशात घातली. त्यांचा उजवा खांदा भलतीकडेच गेला होता.

आमच्या तुकडीचे प्रमुख सुभेदार साहेब धावत आले. "कुटे, किसकी गलती?"

"मेरी, साहब. जल्दबाजी हो गई."

संघ जाहीर झाला. माझं नाव नव्हतं. दोन दिवस मी उस्तादांचं तोंडही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. हात गळ्यात बांधलेला. डाव्या हाताने त्यांनी ग्रिप समोर ठेवली. पट्टी दोन धाग्यांवर लोंबत होती.

"अजून एक झोका घेतला असता ना, तर मानेवर आपटला असतास," ते म्हणाले. "गुन काय, पुढच्या साली बी मिळंल."

खरं कळलं असतं तर हुकूम मोडल्याबद्दल मला युनिटला परत पाठवलं असतं आणि खेळ तिथंच संपला असता. म्हणून त्यांनी चूक अंगावर घेतली होती. मला रडू आलं, ते लपवलंही नाही. तसाच सुभेदार साहेबांकडे गेलो आणि खरं सांगितलं. चौदा दिवसांची एक्स्ट्रा ड्यूटी मिळाली, पण क्रीडा तुकडीत ठेवलं. उस्ताद मात्र चिडले. म्हणाले, "मी खोटं बोललो, ते तू वाया घालवलंस."

पुढच्या वर्षी माझी निवड झाली. खांदा बरा झाल्यावर उस्ताद रेजिमेंटला परत गेले, उंचावरच्या एका पोस्टवर. तिथं हिमस्खलनात ते आणि त्यांचे दोन जवान गेले. मी तेव्हा परदेशात स्पर्धेत होतो.

सायखेड्याला मी दरवर्षी जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुटे वहिनींनी युनिटकडून आलेली ट्रंक उघडली. नीट घडी केलेल्या वर्दीखाली ती फाटकी ग्रिप होती.

"ह्ये काय हाय, भाऊ? मी टाकून देनार व्हते."

मी सगळं सांगितलं. वहिनींनी ग्रिप पुन्हा वर्दीच्या घडीखाली ठेवली.

"त्यांचा खांदा लय दुखायचा थंडीत," त्या म्हणाल्या. "मी इचारलं तर म्हनायचे, हॉलमध्ये पडलो."

"ते नाही पडले, वहिनी," मी म्हणालो. "पडणार होतो तो मी."