ज्वारीत उभा असलेला मी

एकोणीसशे पंचावन्न-छप्पनच्या सुमारास मी एकदा मेलो होतो. तेही नेमका कंपनीत कायम व्हायच्या आदल्या दिवशी.

तेव्हा मी चिंचवडच्या एका कारखान्यात हंगामी फिटर होतो. यंत्रं बसवायला जर्मनीहून एक साहेब आले होते. "परवा सकाळी नव्या यंत्रावर तुझा हात बघतो, मग कायम," असं त्यांनी सांगितलं होतं. थेरगावातली आमची एक खोली, बायको सुशीला आणि कोकणातून आलेली आई, सगळ्यांची भिस्त त्या 'कायम'वर होती.

साहेबांना मला जर्मन शिकवायची भारी हौस. हे सांगितलं त्याच दुपारी त्यांनी खोक्याच्या फळीवर खडूने एक लांबलचक शब्द लिहिला. पहिलं अक्षर मोठं (त्यांच्यात प्रत्येक नामाला हा मान असतो), मध्ये एका अक्षराच्या डोक्यावर दोन टिकल्या. "डोपेलगेंगर," ते म्हणाले. "डोपेल म्हणजे दोन. गेंगर म्हणजे चालनेवाला. तुझ्यासारखाच दुसरा तू. तो दिसला की आदमी मरता है."

मी दहा वेळा म्हणून पाहिलं. साहेब दहा वेळा मान हलवत राहिले. टिकल्या काही माझ्या तोंडात बसेनात.

संध्याकाळी सायकलवरून घरी येत होतो. गावाबाहेर ज्वारीच्या शेताशी आलो आणि सायकल आपोआप थांबली. ज्वारीत मी उभा होतो. अंगात माझी कामावरची डांगरी, उजव्या खिशावर सुशीलाने लावलेलं लाल ठिगळ. वारा अजिबात नव्हता. मी कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला, आणि त्याची बाही सावकाश वर आली. चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख होता. मरणाऱ्याचा चेहरा आधी जात असावा, असं मला वाटलं, आणि मी सायकल दामटली.

घरी पोचलो तो ताप घेऊनच.

भुतांच्या बाबतीत आमच्याकडे आईचा शब्द शेवटचा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याने तुला हाक मारली?"

"नाही."

"मग अजून वेळ आहे. डोक्यावर कावळा बसला की काय करतात?"

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जवळच्या माणसाला मेल्याची खोटी बातमी पाठवायची. ते माणूस रडलं, की मरण टळतं. प्रश्न एवढाच उरला, की माझ्यासाठी रडेल कोण?

"तुझ्या वडिलांना कळवू," मी सुशीलाला म्हणालो.

ती म्हणाली, "बाबांचं काही सांगता येत नाही हो."

शेवटी चाकणच्या पुढे खेडला दिलेल्या माझ्या अक्काचं नाव ठरलं. सकाळी सखाराम दूधवाला चाकणच्या बाजाराला निघाला होता. आईने त्याला बजावलं, "वाटेत कुणीही विचारलं तरी गेला म्हणूनच सांग. खोटं आहे म्हणालास तर उतारा फुकट जाईल."

"व्हय आजी. आपन न्हाई फुटायचो," सखाराम म्हणाला. माणूस प्रामाणिक. आमच्या कंपनीच्या फाटकावर त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं, तरी तो थांबून सांगून गेला.

मला याचा पत्ता नव्हता. कुणी रडल्याचं कळेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, अशी आईची आज्ञा. मी दिवसभर पांघरुणात पडून होतो आणि उद्या माझं यंत्र दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल, या विचाराने झुरत होतो.

दिवे लागायच्या वेळेला शेताकडून किंकाळी आली.

"डोपेलगेंगर!"

काय तो उच्चार! दोन्ही टिकल्या लख्ख ऐकू आल्या. मी मेलोय हे विसरून पांघरुणासकट धावत सुटलो. बांधावर साहेब उभे होते, हातात झेंडूचा हार. समोर ज्वारीत मी. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर पांढऱ्या चादरीत दुसरा मी. साहेब मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

इतक्यात शेतकरी कंदील घेऊन आला. "भिऊ नगा सायेब. बुजगावणं हाय. परवा बोहारणीकडनं कापड घेतलं. पाखरं लई मातल्यात."

सुशीलाने परवाच माझी जुनी डांगरी बोहारणीला देऊन पातेलं घेतलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. चेहऱ्याच्या जागचा काळोख म्हणजे उपडं काळं मडकं. आणि पाखरं हाकायला बाहीला बांधलेली दोरी हा शेतकरी शेतातल्या माळ्यावरून ओढत होता.

साहेब उठले. माझ्याकडे पाहिलं, बुजगावण्याकडे पाहिलं. हार बुजगावण्याच्या गळ्यात घातला आणि तडक निघून गेले. नोकरी गेली, असं मी धरून चाललो.

सकाळी यंत्रापाशी साहेब उभेच होते. "दोघांत तो चांगला," ते म्हणाले. "जागा सोडत नाही. पण त्याला पाना पकडता येत नाही. म्हणून तू कायम."

सखाराम त्याच दिवशी परतला. आईने घाईघाईने विचारलं, "अक्का रडली का रे?"

"न्हाई जी. म्हनल्या, आधी कावळा कुठं बसला ते इचारून ये."

तेव्हा माझ्या मरणावर खरं रडलं ते फक्त एक माणूस, आणि तेही मी जिवंत दिसल्यावर.