गोजरबाईंचा उपास आणि परदेशी पाकिटे

१९७३च्या मार्चमध्ये तिसगावजवळच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मजुरांच्या पोषक आहाराचे कोठार माझ्याकडे होते. अमेरिकेचे मका-सोयाबीनचे पिवळे पीठ, युरोपातल्या एका देशाची दूध पावडर आणि आपल्याकडची गहू, शेंगदाणे, गुळाची सुकडी, असा पाकीटबंद माल येई. कोणत्या देशाच्या मालात प्रथिने किती, याचा तुलनात्मक तक्ता मी रेघा मारून तयार केला आणि दाराला लावला. तो कोणी वाचला नाही. फक्त गोजरबाईंनी माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारले, "ह्यातलं उपासाला काय चालतं?"

गोजरबाई खडी फोडायला येत. नवरा मागेच वारला होता, श्रीमंत नावाचा मुलगा श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेलेला. घरात त्या, सून पुष्पावती आणि सुनेची तान्ही मुलगी. पाऊस पडेपर्यंत घरातल्या बायका गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी धरतील, असा नवस त्यांनी मढीच्या कानिफनाथांना बोलला होता. नवस बोलताना सून ओली बाळंतीण आहे, हे त्यांनी नाथांच्या कानावर घातले नसावे. पुष्पावतीचे दूध आटत चालले होते. मूल सावलीत झोळीत रडे, आणि ही उपाशीपोटी हातोडा चालवी. कामावर येणाऱ्या नर्सबाईंनी बजावले होते, आईला खाऊ घाला, नाहीतर मूल हातचे जाईल.

मी गोजरबाईंशी रोज वाद घाली. सुकडीत गहू म्हणून ती बाद. पिवळ्या पिठात मका म्हणून तेही बाद. साबुदाणा तेवढा चालतो. साबुदाण्यात नुसती खळ, माझ्या तक्त्यात तो सगळ्यांच्या खाली बसला असता, हे सांगून माझा घसा कोरडा पडला. दूध पावडर तरी द्या म्हटले, तर तिकडच्या गाई काय खातात, अशी चौकशी सुरू झाली.

"गवत खातात," मी म्हणालो.

"धान्य न्हाई ना खात?"

"तुमची गाय पेंड खाते, कोंडा खाते. तिचं दूध कसं चालतं?"

"आमच्या गाईचं आमाला ठावं हाय, भाऊसाहेब."

ती गाय त्यांनी गुरांच्या छावणीत सोडून दोन महिने झाले होते.

शेवटी मी वाद सोडला आणि दाण्याचे कूट, गूळ व दूध पावडर एकत्र करून लाडू वळून घेतले. दाणे चालतात, गूळ चालतो. दुधाचा प्रश्न त्यांनी मढीच्या पुजाऱ्याला विचारला. त्याने हो म्हटल्यावर सात समुद्रांपलीकडच्या गाई एका दिवसात शुद्ध झाल्या. ज्या कामाला माझा तक्ता पुरला नाही, ते त्याने मान हलवून केले.

गुरुवारी गोजरबाई सुनेपुढे बसून राहिल्या. उपासाचे टाकायचे नसते, या नियमाने तीन लाडू संपेपर्यंत त्यांनी तिला उठू दिले नाही. इतर दिवशी मात्र घरात अर्धी भाकरी होती, आणि सुनेने सासूच्या आधी पुरते खाण्याची रीत नव्हती. सुकडी घरी जाई ती शेजारी राहणाऱ्या गोजरबाईंच्या दिरांच्या पोरांत संपे. उपासाच्या लाडवाला पोरे हात लावत नसत.

दोन आठवड्यांनी पुष्पावती कोठाराच्या दाराशी आली. मुलगी कडेवर निवांत झोपली होती. पुष्पावती माझ्याशी कधी बोललेली नव्हती. पदर सावरून, खाली बघत म्हणाली, "भाऊसाहेब, आत्याबाई तुमचं ऐकत्यात. सोमवारचं बी सांगा ना त्यास्नी. आन् शनिवारचं."

गोजरबाई माझे काय ऐकतात ते मला ठाऊक होते. तरी मी तक्ता दारावरून काढला, घडी करून खिशात घातला आणि उन्हातून खडीच्या ढिगाकडे निघालो, बाळंतिणीने आणखी दोन उपास धरावेत, हे पटवून द्यायला.